मज्जातंतूच्या दाराशी अलर्काचा विषाणू

बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेले होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. अशा गावी शेतातून परतणाऱ्या मनुष्याच्या पोटरीस पिसाळलेला कुत्रा चावला, तरी जखम काही दिवसांत भरून येते आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. वास्तविक, अलर्क रोगाच्या, म्हणजे रेबीजच्या, विषाणूचे कार्य याच शांत दिवसांत चाललेले असते. बंगळूरच्या निमहान्स संस्थेत या रोगाच्या निदानाचे काम चालते. परंतु लक्षणे दिसण्यापूर्वी हा दडलेला विषाणू दाखवील अशी कसोटी तेथेच काय, जगात कोठेही नाही. आणि एकदा पाण्याच्या घोटाने घसा आवळू लागला, की मृत्यू बहुधा टळत नाही.

हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असून त्याची लांबी सुमारे 180 नॅनोमीटर असते. असे साडेपाच हजार विषाणू एका ओळीत ठेवले, तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्याच्यावर मेदाचे पातळ आवरण असते आणि त्यातून, कदंबाच्या फुलावर असतात तसे, शर्करायुक्त प्रथिनाचे काटे बाहेर आलेले असतात. पेशीला चिकटण्याचे साधन हे काटेच होत. पेशींच्या पृष्ठभागावर ‘ग्राही’ नावाची प्रथिने असतात. शरीराचे रासायनिक निरोप स्वीकारण्यासाठी किंवा शेजारच्या पेशींशी सांधा जुळविण्यासाठी ती असतात. विषाणू त्यांचा गैरफायदा घेतो.

असा पहिला ग्राही सापडला, तो सापाच्या विषाच्या साहाय्याने. मज्जातंतू स्नायूला भिडतो तेथे ॲसिटिलकोलीन या द्रव्याचा निरोप घेणारा ग्राही असतो, आणि मण्यार जातीच्या सापाचे विष त्यालाच घट्ट धरून स्नायू लुळे करते. 1982 मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी स्नायुपेशींना आधी हे विष दिले. तेव्हा अलर्काची लागण झालेल्या पेशींची संख्या घटली. दोघांचे लक्ष्य एकच होते. पुढे 1984 मध्ये विषाणूच्या काट्यातील काही भागाची रचना सर्पविषाशी जुळते, असेही दिसून आले. मण्यार आणि कुत्रा यांचे हे नाते कोणाच्या स्वप्नातही आले नसेल!

तथापि हे दार स्नायूच्या बाजूचे. खुद्द मज्जापेशीवरील दोन ग्राही 1998 मध्ये उजेडात आले. त्यांपैकी एक ज्यांच्यात मुळीच नाही असे उंदीरही या रोगाने मेलेच, मात्र काहीसे उशिराने. यावरून विषाणूला एकच दार नाही हे उघड झाले. आत शिरल्यावर पेशीची स्वतःची वाहतूक-यंत्रणाच त्याला वाहून नेते, तीही दिवसाला पाच ते दहा सेंटिमीटरपर्यंत. तरीही लक्षणे दिसण्यास सामान्यतः दोन-तीन महिने लागतात, कारण विषाणू पुष्कळदा काही काळ स्नायूतच रेंगाळतो.

सगळा उपचार या रेंगाळण्यावर अवलंबून आहे. साबण व वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे जखम धुतली, की पुष्कळशा विषाणूंचे मेदाचे आवरण विरते व काट्यांसह ते निकामी होतात. लशीमुळे शरीर काट्यांना घेरणारी प्रतिपिंडे तयार करते. पण त्यास आठवडा-दीड आठवडा लागतो. तोवरची उणीव तयार प्रतिपिंडांनी भरून काढावी लागते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2017 मध्ये आणलेले, प्रयोगशाळेत पेशींकरवी बनविलेले प्रतिपिंड याच काट्यावर बसते. मज्जातंतूत शिरलेल्या विषाणूपर्यंत मात्र ते सहसा पोचत नाही. म्हणून डॉक्टर ते केवळ दंडात टोचून थांबत नाहीत. रोग्याला कितीही दुखले तरी प्रत्येक जखमेच्या आत आणि कडेने, जेथे विषाणू अजून दाराबाहेर असण्याचा संभव आहे, तेथे ते भरतात.