मंगल कार्यालयाची तारीखवही संगणकावर नेताना

पुणे-सोलापूर महामार्गावर हडपसर मागे पडले की लोणी काळभोर, थेऊर फाटा, उरुळी कांचन या पट्ट्यात मंगल कार्यालये आणि लॉन्स एकापाठोपाठ एक लागतात. यांतले बरेच व्यवसाय घरगुती आहेत. जागा घरची, मांडववाला ठरलेला, आचारी ओळखीचा आणि सगळा कारभार टेबलाच्या खणातल्या वर्षाच्या डायरीवर चालणारा. डायरीत त्या त्या तारखेच्या पानावर दोन्ही घरांची आडनावे, एखादा मोबाइल क्रमांक, मिळालेला विसार, जेवणाची पाने किती आणि कोपऱ्यात ‘हळद आदल्या दिवशी’ किंवा ‘गाद्या पन्नास’ असे टिपण असते. जोडीला पावतीपुस्तक, भांड्यांची वही आणि आचाऱ्याने लिहून दिलेल्या किराण्याच्या याद्या. हा सगळा ऐवज संगणकावर न्यायचा, तर आधी हे कागद नेमके कोणते काम करतात ते पाहावे लागते.

डायरीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती एकच असते. तिच्यात लिहिलेले घरातल्या सर्वांसाठी खरे. वीज गेली तरी ती उघडते, आणि खोडलेली नोंद खोडलेली दिसते, त्यामुळे काहीतरी बदलले होते हे वर्षभराने पाहणाऱ्यालाही कळते. नव्या व्यवस्थेत हे तिन्ही गुण टिकायलाच हवेत. ते गमावून आलेला संगणक डायरीपेक्षा वाईट ठरतो. डायरीचा दोषही ती एकच असण्यातून येतो. ती जिथे असते तिथेच पाहता येते. मालक सासवडला लग्नाला गेलेले असताना फोन येतो, ते ‘धरून ठेवतो’ म्हणतात आणि चिठ्ठीवर लिहून घेतात. त्याच दुपारी कार्यालयात बसलेला मुलगा तीच तारीख समोरच्या पाहुण्यांना देतो. अशी दुहेरी नोंद हॉटेलच्या खोलीत झाली तर दुसरी खोली शोधता येते. लग्नात मुहूर्त ठरलेला असतो, पत्रिका छापायला गेलेल्या असतात आणि त्या तिथीला आसपासची सगळी कार्यालये भरलेली असतात.

हाच प्रश्न रेल्वेने फार मोठ्या प्रमाणावर सोडवला. पूर्वी आरक्षणाच्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत असत, आणि ज्या खिडकीवर त्या गाडीचे रजिस्टर तिथेच रांग लावावी लागे. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि कोणत्याही खिडकीवरून जागा पाहता येऊ लागली. त्यामागचे तत्त्व साधे आहे: नोंद एकाच जागी ठेवायची, पाहणारे कितीही असोत, आणि एका कारकुनाने जागा निवडली की व्यवहार पुरा होईपर्यंत ती दुसऱ्याला देता येऊ नये. कार्यालयाच्या संगणकात नेमके हेच हवे. मालकाच्या मोबाइलवर एक यादी, कार्यालयात दुसरी आणि हडपसरच्या शाखेत तिसरी असेल, तर तीन डायऱ्याच झाल्या, फक्त काचेआडच्या. व्यवसायासाठी संगणक पहिल्यांदा नियमितपणे राबवला तो लंडनच्या जे. लायन्स या चहाघरे आणि केटरिंग चालवणाऱ्या कंपनीने, १९५१ मध्ये, बेकरीच्या मालाचा हिशोब मांडण्यासाठी. म्हणजे खानपानाच्या धंद्याला ही वाट अगदी सुरुवातीपासून परिचित आहे.

डायरीत एक तारीख म्हणजे एक पान. प्रत्यक्षात कार्यालयाचा दिवस तसा नसतो. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी, हळद सकाळी, लग्न दुपारी साडेबाराला, जेवणाच्या पंगती चारपर्यंत. किंवा सगळे दुपारी सुरू होऊन गोरज मुहूर्तावर लग्न आणि रात्री जेवण. साखरपुडा, बारसे, वाढदिवस हे काही तासांचे. म्हणून संगणकात ‘तारीख भरली की नाही’ हा प्रश्न पुरत नाही. प्रत्येक नोंदीला सुरुवातीची वेळ आणि जागा रिकामी करून देण्याची वेळ लागते. दोन नोंदींची टक्कर ओळखण्याचा नियम एका ओळीचा आहे: पहिली संपण्याआधी दुसरी सुरू होत असेल आणि दुसरी संपण्याआधी पहिली सुरू होत असेल, तर दोन्ही एकमेकींवर येतात. त्यात झाडलोट आणि मांडव बदलण्याचे तास धरले, की सकाळचे लग्न आणि संध्याकाळचा स्वागत समारंभ एकाच दिवशी घेता येतो का हे संगणक स्वतः सांगू शकतो. लॉन आणि हॉल वेगवेगळे देत असतील तर प्रत्येकाची तपासणी वेगळी, आणि स्वयंपाकघर दोघांना एकच असेल तर त्याची तिसरी. हा शेवटचा मुद्दा अनेकदा सुटतो. दोन समारंभांना जागा मिळते, पण शेगड्या आणि पातेली एकाच संचाची असतात.

यानंतरचे काम सर्वांत अवघड आहे, आणि ते यंत्राचे नाही. ‘तारीख धरली’ म्हणजे काय, हे कार्यालयाने ठरवून लिहून ठेवावे लागते. मुलीकडचे लोक सोयरिकीची बोलणी चालू असतानाच दोन-तीन कार्यालयांत तारखा धरून ठेवतात. मुलाकडचे पंचांग पाहून वेगळी तिथी काढतात. डायरीत अशी नोंद पेन्सिलने होते आणि ती कधी पक्की झाली हे फक्त मालकाला ठाऊक असते. संगणकात अवस्थांना नावे द्यावी लागतात: चौकशी, धरलेली, पक्की, रद्द, पार पडलेली. धरलेल्या तारखेला मुदत हवी, समजा आठ दिवस. त्यानंतर ती आपोआप सुटावी, आणि सुटण्याआधी त्या कुटुंबाला फोन जावा. पक्की कधी म्हणायची, विसार हातात पडल्यावर की करारावर सही झाल्यावर, याचे उत्तर घरातल्या प्रत्येकाने एकच द्यायला हवे. बहुतेक घरांत ते तसे नसते. वडील शब्दाला पक्के मानतात, मुलगा पैशाला. आधी हे भांडण मिटवून मगच संगणक घ्यावा, कारण प्रोग्रॅम लिहिणारा ते मिटवू शकत नाही.

डायरीच्या रचनेतली दुसरी उणीव कोविडकाळात उघडी पडली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि एप्रिल-मे महिन्यांतली लग्ने एकगठ्ठा पुढे गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली, तेव्हा पुन्हा तेच झाले. डायरीत नोंद तारखेच्या पानावर राहते. तारीख बदलली की नोंद फाटते, अर्धी जुन्या पानावर, अर्धी नव्या पानावर आणि विसार तिसऱ्याच पावतीवर. संगणकात नोंदीला स्वतःचा क्रमांक असावा आणि तारीख ही तिची एक बाब असावी. मग तारीख चारदा बदलली तरी विसार, पानांची संख्या, फोन क्रमांक हे सारे त्या क्रमांकाबरोबर राहते. बदल कुणी केला, केव्हा केला आणि आधी काय होते, याची नोंद पुसता न येणारी हवी. डायरीतल्या खाडाखोडीचे काम ती करते.

मराठी कार्यालयाला इंग्रजी कॅलेंडर पुरत नाही. मालक तारखा देताना दाते पंचांग किंवा कालनिर्णय जवळ ठेवतो, कारण मागणी तिथीवर चालते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा हंगाम. अधिक महिना हा हिशोब बिघडवतो. २०२३ चा अधिक श्रावण चातुर्मासातच आला, त्यामुळे लग्नांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. २०२६ चा अधिक ज्येष्ठ मात्र १७ मे ते १५ जून असा ऐन सुट्टीच्या हंगामात येतो. २०२४ च्या मे-जूनमध्ये शुक्र आणि गुरू यांच्या अस्तामुळे मुहूर्त फारच थोडे होते. म्हणून परदेशी किंवा हॉटेलांसाठी बनवलेला तयार प्रोग्रॅम घेतला, तरी त्यात दर वर्षी मुहूर्तांची यादी हाताने भरण्याची सोय हवी. लोणी काळभोरला आणखी एक दिवस आधीच अडवून ठेवावा लागतो. संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून निघून इथे मुक्कामाला येते, सोलापूर रस्त्याची वाहतूक वळवली जाते, आणि वारकऱ्यांच्या उतरण्या-जेवण्याची व्यवस्था गावभर असते. हा दिवसही तिथीनेच ठरतो. २०२५ मध्ये आषाढी ६ जुलैला होती, २०२६ मध्ये ती २५ जुलैला येते. पालखीचा मुक्कामही तितकाच पुढे सरकतो.

पैशांच्या बाबतीत संगणकाचा उपयोग सर्वांत लवकर जाणवतो. विसार, मग हप्ते, मग अनामत, मग वाढलेल्या पानांचे पैसे असे एका लग्नाचे पैसे चार-पाच वेळा येतात, कधी वडिलांकडून, कधी मामाकडून, कधी यूपीआयने. पावतीपुस्तकात हे वेगवेगळ्या पानांवर पसरते. २०१७ पासून आयकर कायद्यात अशी तरतूद आहे की एका समारंभासंबंधी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. ही बेरीज हप्त्यांची असते, एका पावतीची नाही. पावत्या नोंदीच्या क्रमांकाला बांधलेल्या असतील तर मर्यादा ओलांडण्याआधीच संगणक थांबवू शकतो. जीएसटी नोंदणी असलेल्या कार्यालयाला सेवेसाठी घेतलेल्या विसारावरही कर लागू होतो. विसार घेताना पावती आणि समारंभ रद्द होऊन पैसे परत गेले तर परतीची वेगळी पावती द्यावी लागते. बिलांचे क्रमांक सलग आणि आर्थिक वर्षात न दोहरणारे हवेत. हाताने क्रमांक टाकण्याची मुभा प्रोग्रॅममध्ये ठेवूच नये.

नावांची अडचण स्थानिक आहे. ज्या गावाच्या नावातच काळभोर आहे, तिथे त्या आडनावाची कुटुंबे भरपूर असणारच, आणि एकाच हंगामात एकाच आडनावाची अनेक लग्ने होतात. नावावरून नोंद शोधणे म्हणजे चुकीच्या माणसाला चुकीची तारीख सांगणे. शोध मोबाइल क्रमांकावरून आणि नोंदक्रमांकावरून व्हावा, आणि प्रत्येक नोंदीत वधूकडचा एक, वराकडचा एक असे किमान दोन क्रमांक असावेत. नावे देवनागरीतच, युनिकोडमध्ये लिहावीत. जुन्या फाँटांत टाइप केलेल्या याद्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की निरर्थक अक्षरे दिसतात. रोमन लिपीत तर एकच आडनाव तीन प्रकारे लिहिले जाते आणि शोध फसतो.

वधू-वरांच्या वयाचा पुरावा अनेक कार्यालये मागतात, आणि ते योग्यच आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार बालविवाहाला मुभा देणाराही शिक्षेला पात्र ठरतो. पण पुरावा पाहणे वेगळे आणि आधार कार्डांचे फोटो वर्षानुवर्षे साठवणे वेगळे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याची दिशा अशी आहे की कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम संपल्यावर ती पुसावी. कागदपत्र कोणते पाहिले, कुणी पाहिले आणि जन्मतारीख काय, एवढे लिहून ठेवणे बहुतेक कामाला पुरते.

बदल करायची वेळ चातुर्मासाची. तेव्हा चौकश्या कमी असतात आणि घरातले सगळे शिकायला मोकळे असतात. जुन्या वर्षांच्या डायऱ्या भरत बसू नये; पुढच्या तारखांच्या नोंदी आधी भराव्यात, पूर्ण एका बैठकीत, एकाने वाचून दाखवावे आणि दुसऱ्याने टाइप करावे, मग अदलाबदल करून पडताळावे. पहिली पायरी म्हणून एक्सेल किंवा गूगल शीट्सचा तक्ता चालतो, पण त्यातले धोके माहीत हवेत. ‘५/६’ असे लिहिले तर संगणकाच्या सेटिंगनुसार ते ५ जून होते किंवा ६ मे. लग्नाच्या तारखेत ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून महिना अक्षरांत लिहिण्याची सक्ती करावी. देवनागरी अंकांत टाइप केलेली रक्कम अनेकदा संख्या म्हणून धरली जात नाही आणि बेरजेतून गळते. शिवाय तक्ता दुहेरी नोंद स्वतःहून अडवत नाही. दोघांनी एकाच वेळी लिहिले तर दोन्ही ओळी राहतात. एकाच जागी एकच माणूस नोंद घेत असेल तोवर तक्ता पुरेसा आहे. दुसरा माणूस किंवा दुसरी शाखा आली की टक्कर तपासणारा प्रोग्रॅम घ्यावाच लागतो.

पहिले दोन-तीन महिने डायरी आणि संगणक दोन्ही चालवावीत, पण त्या काळात दोघांत फरक पडला तर खरे कोणाचे, हे सुरुवातीलाच जाहीर करावे. डायरीचे म्हणावे, संगणकाला आधी आपली खात्री पटवून द्यायची असते. दर आठवड्याला दोन्ही ताडून पाहावीत आणि फरक का पडला ते शोधावे. सलग काही आठवडे फरक आला नाही की मग नवी नोंद फक्त संगणकात घ्यावी. रोज संध्याकाळी पुढच्या महिन्याच्या तारखांचा एक कागद छापून भिंतीवर लावावा. वीज आणि नेट गेले तरी चौकशीला उत्तर देता येते, आणि आचारी, वाढपी, मांडववाले यांना संगणकापाशी यावे लागत नाही. माहितीची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत किंवा क्लाउडवर असावी आणि सहा महिन्यांतून एकदा ती खरोखर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत चालते की नाही, हे कुणालाच ठाऊक नसते.

जुन्या डायऱ्या आणि पावतीपुस्तके लगेच रद्दीत देऊ नयेत. जीएसटीखालील हिशोबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून बहात्तर महिने जपावी लागतात, आणि एखाद्या वर्षाबाबत अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही जास्त काळ.