अंगठा उडतो तेव्हा

मावशीचा खुबा मोडला तो श्रावणात, चिंचणीच्या घरी मोरीत पाय घसरून. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं, तेही छान झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ती पलंगाचा कठडा धरून उठायला लागली. "पालघर गेलं ना रे? आता उमरोळी, मग बोईसर. माझी पिशवी काढ वरून." दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर तिची गाडी रात्रभर धावत होती.

"भूल डोक्यात चढली," असं सगळे म्हणाले. ती बडबड चार दिवसांत ओसरली, पण घरी आल्यावर दुसरंच काही लक्षात आलं. घरच्या डायमेकिंगच्या धंद्याचा हिशोब मावशीने तीस वर्षं ठेवला होता. आता ती वहीवर बोट ठेवून बसायची आणि बेरीज मध्येच सुटायची. पुन्हा वरून सुरू करायची, पुन्हा सुटायची. मग वही मिटून गप्प बसायची. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, "मुंबईत चुंबकाचं मशीन आहे, डोक्याला लावलं की स्मरणशक्ती परत येते." म्हणून मी त्या मशीनच्या मागे लागलो.

त्याचं नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. डॉक्टर टीएमएस म्हणतात. लोक त्याला 'चुंबकाचा शॉक' म्हणतात, पण हा शॉक नव्हे. शॉकच्या उपचारात भूल देऊन मुद्दाम आकडी आणतात. इथे पेशंट खुर्चीत टक्क जागा असतो, भूल लागत नाही आणि आकडी येऊ नये याचीच काळजी घेतात.

आमच्या चिंचणी-तारापूरकडच्या माणसाला हे यंत्र समजायला अवघड जाऊ नये. बदलत्या चुंबकत्वाने तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. १९६९पासून तारापूरच्या अणुवीज केंद्रात त्याच नियमावर वीज तयार होते: वाफेने टर्बाइन फिरतं, जनित्रातलं चुंबक फिरतं आणि तांब्याच्या वेटोळ्यांत वीज येते. इंडक्शन भट्टीवर काम केलेल्या कामगाराने तर पाहिलेलंच असतं, की कॉइल लोखंडाला शिवतही नाही आणि आत लोखंड वितळतं. टीएमएसमध्ये त्या लोखंडाच्या जागी माणसाचा मेंदू असतो. पण इथे काही तापवायचं नसतं. फक्त मज्जापेशींना क्षणभर जागं करायचं असतं.

यंत्राच्या पेटीत कपॅसिटर असतात. ते भरतात आणि एका झटक्यात कॉइलमधून रिकामे होतात. मिलिसेकंदाच्याही अंशात हजारो अँपिअरचा प्रवाह जातो आणि दीड-दोन टेस्लाचं, म्हणजे एमआरआयच्या तोडीचं, चुंबकीय क्षेत्र उठून मावळतं. कवटीच्या हाडाचा त्याला अडसर होत नाही. प्रत्येक झटक्याला 'टक्' असा कडक आवाज होतो, म्हणून कानात बोळे घालावे लागतात. कॉइल तापते, तिला थंड ठेवण्याची सोय करावी लागते. ती बहुधा इंग्रजी आठच्या आकाराची असते: दोन वेटोळी शेजारी शेजारी, आणि ती जिथे भेटतात तिथे जोर सर्वांत जास्त.

उपचाराआधीची एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. प्रत्येकाचा मेंदू किती जोराला दाद देतो, हे आधी शोधावं लागतं. त्यासाठी डोक्याच्या ज्या भागातून हाताची हालचाल चालते, तिथे कॉइल धरतात. टक्. काही नाही. कॉइल जरा पुढे, जरा तिरकी, जोर थोडा वाढवून पुन्हा टक्, आणि मांडीवर सैल पडलेल्या हाताचा अंगठा उडतो. माणसाने तो हलवलेला नसतो. दहापैकी निदान पाच वेळा अंगठा हलेल असा कमीत कमी जोर, हे त्या माणसाचं माप. पुढचा सगळा डोस त्यावरून ठरतो.

इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली असाच हात हलवून दाखवला. त्याआधी, १९८०मध्ये, मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याला थेट वीज लावून तेच साधलं होतं, पण ते दुखायचं. चुंबकाने ते दुखणं बऱ्याच अंशी टळलं.

अमेरिकेत २००८ साली हे यंत्र औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मान्य झालं, २०१८मध्ये मंत्रचळासाठी आणि २०२०मध्ये सिगारेट सोडवण्यासाठी. पूर्वी एका बैठकीला ३७ मिनिटं लागत. आता थीटा बर्स्ट पद्धतीत ६०० झटके तीनेक मिनिटांत देतात. नैराश्याने खचलेली माणसं यामुळे उठून कामाला लागतात, हे मला लहान वाटत नाही.

पण मावशीचं काय? ऑपरेशननंतर बुद्धी मंदावणं हा भास नव्हे. लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये बेडफर्ड यांनी १९५५मध्येच त्यावर लिहिलं होतं. १९९८ साली साठीपुढच्या १,२१८ रुग्णांचा अनेक देशांतला मोठा अभ्यास आला: हृदयाव्यतिरिक्तच्या मोठ्या ऑपरेशननंतर आठवड्याभराने सुमारे २६ टक्क्यांत हा दोष दिसला, तीन महिन्यांनी सुमारे १० टक्क्यांत. म्हणजे बरेच जण आपोआप सावरले. सगळा दोष भुलीचाही नसावा. पूर्ण भूल दिलेले आणि फक्त कमरेखालचा भाग बधिर केलेले, यांच्यात तीन महिन्यांनी फारसा फरक दिसला नाही. जखमेमुळे शरीरात उठणारा दाह मेंदूपर्यंत पोचतो, असा संशोधकांचा दाट संशय आहे.

टीएमएसचा जोर कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरच पोचतो. आठवणींचं ठाणं असलेला हिप्पोकॅम्पस त्याहून खोल आहे. त्याच्याशी जोडलेला पृष्ठभाग उद्दीपित केला तर सुदृढ तरुणांची जोड्या लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारते, असं २०१४ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दिसलं. म्हणून आशेला आधार आहे. ऑपरेशननंतरच्या विसराळूपणावर मात्र अजून लहान लहान चाचण्याच चालू आहेत, आणि त्यासाठी अमेरिकेत मान्यता नाही. हे साफ न सांगता कुणी वीस-तीस बैठकांचे पैसे घेत असेल, तर तो अन्याय आहे. बोईसरहून मुंबई शंभरेक किलोमीटर. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला आठवड्यातून पाच दिवस डहाणू लोकलने नेणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. डोक्यात धातू असेल किंवा पूर्वी आकडी आली असेल, तर विचार आणखी सावधपणे करावा लागतो.

आम्ही मावशीला नेलं नाही. तिसऱ्या महिन्यात तिने दिवाळीच्या फराळाचा हिशोब स्वतः केला. एक चूक निघाली, ती तिनेच शोधली.

चाचपडताना मला १९९९ सालचा एक अमेरिकन अभ्यास सापडला. सत्तरीपुढच्या रुग्णांसाठी मेडिकल वॉर्डात साध्या गोष्टी केल्या होत्या: दिवस-वार सांगत राहणं, रात्री नीट झोपू देणं, पाणी पाजणं, लवकर चालवणं, चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवणं. मावशीला झाला तशा भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास आलं. ऑपरेशनला नेताना मावशीचा चष्मा सिस्टरने माझ्या हातात दिला होता. तो मी पिशवीच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवला, आणि घरी निघतानाच बाहेर काढला.