खोडवा पिवळा का पडतो?



"पाचट ठेवले की खोडवा पिवळा पडतो, म्हणून आम्ही ते पेटवतो," असे पुष्कळ सभासद आम्हांस सांगतात. खोडवा पिवळा पडतो हे खरे. पण का पडतो, ते पाहण्यासाठी जरा घाट उतरून ठाणे जिल्ह्यात जाऊ.

माळशेज उतरून मुरबाडवरून कल्याणकडे जाताना पावसाळ्यात माळावरचे गवत नीट पाहावे. जिथे गुरांचे शेण पडले, त्याभोवती गर्द हिरवा पुंजका. दोन पावलांवर गवत फिकट. म्हणजे जमिनीत नत्र सारखे पसरलेले नसते, ठिकठिकाणी साचलेले असते. अशी जागा लागली की गवताची मुळी तिथे फाटे फोडते. पण जिवाणू तिथे आधीच असतात आणि झपाट्याने वाढतात. पंगतीत पहिले ताट त्यांचे! मात्र त्यांचे आयुष्य थोडे. ते मेले की अंगातले नत्र पुन्हा मातीत येते. मुळी टिकून राहते आणि हळूहळू आपला वाटा वसूल करते.

त्याच भागात भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची जुनी चाल आहे. आचेने वरच्या थरातले पुष्कळ जिवाणू आणि तणांचे बी मरते, जिवाणूंतले नत्र मोकळे होते, रोप जोमदार येते. मग पाचट जाळले तर बिघडले कुठे? राब असतो थोड्या जागेचा; आपण अख्खे रान पेटवतो, आणि पाचटातले बहुतेक नत्र धुरावाटे जाते. एकरी चार टन पाचट धरले, तर त्यातील नत्र जवळजवळ 45 किलोच्या एका गोणी युरियाइतके भरते.

ऊसही गवताच्याच कुळातला. पाचटात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम अर्धा टक्का. ते कुजवताना जिवाणूंना नत्र कमी पडते, म्हणून ते मातीतले उचलतात. नेमके तेव्हाच खोडव्याला नवे फुटवे आणि नव्या मुळ्या येत असतात. त्या उपाशी राहतात, पाने पिवळी पडतात.

तेव्हा उपाय असा: जिवाणूंना त्यांचे ताट वेगळे वाढावे. पाचट सरीत दाबून दर टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळलेले 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत, ओल राखावी. हा युरिया पिकाच्या हप्त्यात धरू नये. पिकाचे खत पाचटावर फेकू नका, तिथे ते जिवाणूच खातील. बुडख्यापासून 10 ते 15 सेंमी अंतरावर, तितकेच खोल, पहारीने भोक पाडून द्यावे आणि मातीने झाकावे. म्हणजे साचलेले नत्र मुळीच्या तोंडाशीच मिळेल.

पुढे पाचट कुजले की जिवाणूंनी उचललेले नत्र हळूहळू पिकाला परत मिळते. ती उधारी बुडत नाही. काडी ओढण्यापूर्वी एवढा हिशेब प्रत्येकाने करावा, ही विनंती.