आयटीत दहा-बारा वर्षं झाली, आता एमबीए करायचंय? अर्जाआधी समजून घ्या

जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे २ टक्के कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. आकडा १२ हजारांच्या वर होता आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतले लोक अधिक असतील, असं कंपनीनंच सांगितलं होतं. अनुभव वाढला की नोकरी पक्की होते, या आयटीतल्या जुन्या समजाला तो मोठा धक्का होता. दहा-बारा वर्षांचा अनुभव, घराचा हप्ता, शाळेत जाणारं मूल आणि 'टेक लीड' किंवा 'डिलिव्हरी मॅनेजर' असं पद असलेल्या अनेकांच्या मनात अशा वेळी एक जुना प्रश्न डोकं वर काढतो. एमबीए करायचं राहून गेलं, आता केलं तर?

करता येतं. वय आडवं येत नाही. पण पंचविशीतल्या आणि पस्तिशीतल्या उमेदवाराचा अर्ज एकाच मापानं मोजला जात नाही. पंचविशीतल्याला आपल्यात काय क्षमता आहे ते दाखवायचं असतं. पस्तिशीतल्याला 'हे आत्ताच का?' याचं पटेल असं उत्तर द्यावं लागतं.

मग कॅट द्यायची का?

मराठी घरात एमबीए म्हटलं की कॅट आणि दोन वर्षांचा कोर्स, असंच समीकरण असतं. दहा वर्षं नोकरी केलेल्यांसाठी हा रस्ता सहसा चुकीचा आहे. पदवीधर असाल तर कॅट कोणत्याही वयात देता येते, पण त्या वर्गातली बहुतेक मुलं बावीस ते पंचवीस वर्षांची असतात. आयआयएम बंगळुरूनं निवडीसाठी अनेक वर्षं वापरलेल्या सूत्रात कामाच्या अनुभवाचे गुण ३६ महिन्यांपर्यंतच वाढतात. त्यापुढची आठ-नऊ वर्षं हिशेबातच धरली जात नाहीत. शिवाय कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या नवख्या मॅनेजरच्या शोधात असतात.

अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचे पूर्णवेळ कोर्स आहेत. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स २००६ मध्ये सुरू झाला. कलकत्ता आणि बंगळुरूच्या आयआयएममध्येही असे कोर्स आहेत आणि तिथे किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो. प्रवेश मुख्यतः जीमॅट किंवा जीआरईच्या गुणांवर होतो. आयएसबीच्या नेहमीच्या पीजीपीला २ वर्षांचा अनुभव पुरतो. त्यामुळे बारा वर्षं नोकरी केलेला माणूस तिथे ज्येष्ठ ठरतो. अशांसाठी आयएसबीचेच पीजीपी-प्रो आणि पीजीपी-मॅक्स हे नोकरी सांभाळून करायचे वेगळे कोर्स आहेत.

परदेशातही अशी वेगळी दारं आहेत. एमआयटीचा स्लोन फेलोज हा १९३१ पासूनचा कोर्स किमान १० वर्षांचा अनुभव मागतो, तर स्टॅनफर्डचा एमएसएक्स ८ वर्षांचा.

नोकरी सोडणं शक्यच नसेल, तर मुंबईत जमनालाल बजाज संस्थेचे तीन वर्षांचे अर्धवेळ कोर्स आहेत. बरीच वर्षं ते नोकरदारांचा आधार राहिले आहेत.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. मोठ्या संस्थेचं नाव लावून ऑनलाइन विकले जाणारे काही महिन्यांचे 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम' ही सर्टिफिकेटं असतात. शिकायला वाईट नाहीत, पण ती एमबीए नव्हेत आणि त्यांना कॅम्पस प्लेसमेंट नसतं. फोनवरचा सेल्सवाला ही गोष्ट आपणहून सांगेलच असं नाही.

परीक्षेची किती धास्ती घ्यावी?

इंजिनीअरनं फार घेऊ नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली नवी जीमॅट सव्वादोन तासांची आहे. गणित, भाषा आणि डेटा इनसाइट्स असे प्रत्येकी ४५ मिनिटांचे तीन भाग, आणि गुण २०५ ते ८०५ दरम्यान. भूमिती आणि निबंध दोन्ही गेले. नव्या ६४५ चं वजन साधारण जुन्या ७०० इतकं आहे, त्यामुळे सहकाऱ्याच्या जुन्या गुणांशी तुलना करून खचून जायचं कारण नाही. गुण ५ वर्षं चालतात. अडचण असते ती वेळेची. रात्री अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल संपल्यावर अभ्यास करायचा असतो.

अनुभव अर्जात कसा मांडायचा?

बहुतेक अर्ज इथेच घसरतात. आयटीवाल्यांच्या रेझ्युमेत असं एखादं वाक्य हमखास सापडतं: 'जुनी सिस्टीम मायक्रोसर्व्हिसेसवर नेली, डाउनटाइम ६० टक्के कमी केला.' अप्रेझलच्या फॉर्मसाठी ते ठीक आहे. पण प्रवेश समितीसमोर अशा वाक्यांचे ढीग असतात आणि त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

समजा, तेच काम असं सांगितलं. ग्राहक बँकेला प्रत्येक नवी सुविधा सहा महिने उशिरा मिळत होती. सगळी सिस्टीम एकदम बदलावी, असा वरिष्ठांचा आग्रह होता. अर्जदारानं आधी फक्त पेमेंटचा भाग हलवायचं सुचवलं आणि त्यामुळे होणारा तीन महिन्यांचा उशीर स्वतःच्या अंगावर घेतला. अकरा जणांच्या टीममधल्या दोघांची कामं बदलली, त्यातला एक नाराज होऊन नोकरी सोडून गेला. आता या माणसाला विचारण्यासारखे दहा प्रश्न समितीकडे आहेत. निर्णय कोणाचा होता, विरोध कोणी केला, पैसा किती अडकला होता, काय चुकलं. बिझनेस स्कूलला हेच पाहायचं असतं, कारण वर्गात केस-स्टडीवर चर्चा होते तेव्हा या अनुभवांतूनच बोलायचं असतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती संस्काराची. 'मी केलं' म्हणणं उद्धट वाटतं, म्हणून सगळा अर्ज 'आम्ही'मध्ये लिहिला जातो. प्रोजेक्ट टीमचाच असतो, पण प्रवेश एकट्यालाच मिळणार असतो. टीमचं श्रेय टीमला द्यावं आणि आपण नेमकं काय ठरवलं, तेही स्पष्ट लिहावं.

पुढचं ध्येयही तितकंच नेमकं हवं. 'लीडर व्हायचंय' हे उत्तर मुलाखतीत दोन मिनिटंही टिकत नाही. 'आठ वर्षं विमा कंपन्यांसाठी क्लेमचं सॉफ्टवेअर बनवलं. आता विमा कंपनीच्या बाजूनं नवी उत्पादनं उभी करायची आहेत, पण किंमत कशी ठरते आणि ताळेबंद कसा वाचायचा हे येत नाही', हे उत्तर टिकतं. कारण त्यात आजवरची वाट, पुढचं ठिकाण आणि मधली उणीव, तिन्ही दिसतात. नोकरी जाण्याची भीती किंवा एआयची धास्ती ही खरी कारणं असू शकतात, पण अर्ज त्यांच्यावर उभा राहत नाही. आणि ती उणीव आपल्याच कंपनीत प्रॉडक्ट टीममध्ये बदली घेऊन भरून निघणार असेल, तर एवढा खर्च कशाला, हा प्रश्न मुलाखत घेणाऱ्याआधी स्वतःला विचारलेला बरा.

बॉसला कधी सांगायचं?

अनेक संस्था शिफारसपत्र मागतात आणि ते शक्यतो सध्याच्या वरिष्ठाचं असावं अशी अपेक्षा असते. म्हणजे प्रवेश मिळायच्या आधीच 'मी कदाचित जाणार' हे सांगणं आलं. अप्रेझल तोंडावर असताना हे जड जातं. अशा वेळी जवळून काम पाहिलेल्या माजी वरिष्ठाचं किंवा क्लायंटचं पत्र देऊन, सध्याच्या बॉसचं का नाही ते अर्जात थोडक्यात सांगता येतं. पद कितीही मोठं असलं तरी आपल्या कामाची नीट ओळख नसलेल्या माणसाचं पत्र फारसं उपयोगी पडत नाही.

दुसरी अडचण नोटीस पिरियडची. आयटीत तो अनेकदा ९० दिवसांचा असतो आणि देशातले एक वर्षाचे बहुतेक कोर्स एप्रिलमध्ये सुरू होतात. म्हणजे राजीनामा डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला द्यावा लागतो. अर्ज शेवटच्या फेरीत भरला आणि निकाल फेब्रुवारीत आला, तर हे गणित फसतं. म्हणून पहिल्या फेऱ्या गाठलेल्या बऱ्या.

पैशाचा हिशेब

नामांकित संस्थांच्या एक वर्षाच्या कोर्सची फी ३० लाखांच्या पुढे जाते. समजा फी ३५ लाख आहे आणि सध्या वर्षाला २२ लाख हातात येतात. तर खरा खर्च ५७ लाखांच्या घरात जातो, कारण वर्षभराचा पगारही बुडतो. घराचा हप्ता मात्र थांबत नाही. ३५ लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं १० वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४६ हजार रुपये येतो. शिकत असताना चढलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर ८ वर्षांपर्यंत करवजावट मिळते, पण फक्त जुन्या कररचनेत.

समोरच्या बाजूला काय मिळणार, हे पाहण्यासाठी प्लेसमेंट रिपोर्ट नीट वाचावा लागतो. सर्वाधिक पॅकेजचा आकडा सोडून द्यावा. एखाद-दुसऱ्या मोठ्या ऑफरनं सरासरीही फुगते, म्हणून मध्यक पाहावा, म्हणजे ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे विद्यार्थी असतात तो आकडा. आयआयएम अहमदाबाद ऑडिट केलेले रिपोर्ट प्रसिद्ध करते. सगळ्याच संस्था ते करत नाहीत. आयटीतून आलेले किती जण पुन्हा टेक कंपन्यांतच, पण प्रॉडक्ट किंवा प्रोग्रॅम मॅनेजर म्हणून गेले, तेही पाहावं. आयटीतून थेट इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये उडी मारणं पस्तिशीत कठीण असतं.

रिपोर्टमध्ये न दिसणारी माहिती लिंक्डइनवर मिळते. तीन-चार वर्षांपूर्वी तोच कोर्स केलेले, आपल्याइतकाच अनुभव असलेले आठ-दहा जण शोधावेत. पहिली नोकरी अजून टिकली आहे का आणि कर्ज किती उरलं आहे, हे विचारावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण देतात. दुसऱ्यासाठी थोडी ओळख वाढवावी लागते.