बिल्ला मोठा की मैदान? बे एरियातल्या मुलींच्या फुटबॉल क्लबांविषयीचे सहा गैरसमज

शनिवारी सकाळी सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मैदानांच्या कडेला घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात, आणि त्यांत मराठी आईबाबाही बसलेले असतात. क्युपर्टिनो, फ्रीमाँट, प्लेझंटन, डब्लिन या गावांत आपली घरं पुष्कळ. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली, पायात चेंडू खेळू लागला, की घरात एकच विषय निघतो : हिला कुठल्या क्लबात घालायचं? एमव्हीएलए, डी अँझा फोर्स, मस्टँग, प्लेझंटन रेज, पलीकडे सॅक्रामेंटोजवळ सॅन हुआन अशी नावं पुढे येतात. मग प्रश्न येतो लीगचा : ईसीएनएल की गर्ल्स अकॅडमी? या चर्चेत ऐकीव माहिती फार असते, आणि तिच्या जोरावर मुलीची चार-पाच वर्षं ठरवली जातात. म्हणून हे समज एकेक करून तपासू.

गैरसमज १ : या लीग सरकारमान्य आणि कायमच्या आहेत.

वस्तुस्थिती : ईसीएनएल, म्हणजे एलिट क्लब्ज नॅशनल लीग, २००९ मध्ये मुलींच्या ४० क्लबांनी एकत्र येऊन सुरू केली. ती क्लबांची निर्मिती होती, राष्ट्रीय फुटबॉल महासंघाची नव्हे. महासंघाने स्वतःची मुलींची डेव्हलपमेंट अकॅडमी २०१७ मध्ये काढली, तेव्हा देशभरातल्या क्लबांना या की त्या हे ठरवावं लागलं. कोविडच्या पहिल्याच लाटेत, १५ एप्रिल २०२० रोजी, महासंघाने पैशाचं कारण देऊन ती अकॅडमी बंद केली. तिसरा हंगामही पुरा झाला नव्हता. मागे राहिलेल्या क्लबांनी काही आठवड्यांत गर्ल्स अकॅडमी नावाची नवी लीग उभी केली. २०१७ मध्ये बारा वर्षांची असलेली मुलगी पंधराची होईपर्यंत क्लब न बदलताही दोन लीगांतून गेलेली असू शकते. पालक ज्याला पाया समजतात, तो असा दोनदा हलला आहे.

गैरसमज २ : मोठ्या लीगचा बिल्ला छातीवर आला की कॉलेज पक्कं.

वस्तुस्थिती : कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्या अंदाजानुसार हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी साधारण सात-आठ जणी एनसीएएच्या कुठल्या ना कुठल्या श्रेणीतल्या कॉलेज संघापर्यंत पोचतात. पहिल्या श्रेणीच्या संघात जाणाऱ्या शंभरात तीनही नसतात. मोठ्या लीगचा एक फायदा खरा आहे : तिच्या स्पर्धांत एकाच ठिकाणी शेकडो मुली खेळतात, त्यामुळे कॉलेजचे प्रशिक्षक तिथे येतात. पण ते मैदानावरची खेळाडू पाहायला येतात. नामांकित संघात दर सामन्यात दहा मिनिटं मिळणारी मुलगी त्यांना दिसतच नाही; दुसऱ्या फळीच्या संघात मध्यभागी पूर्ण वेळ खेळणारी दिसते.

आणखी एक गोष्ट. एकेकाळी आठवीतल्या मुलीही कॉलेजला तोंडी होकार देत असत. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणे पहिल्या श्रेणीच्या प्रशिक्षकांना मुलीची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत तिच्याशी भरतीचं बोलणं करता येत नाही. तेव्हा अकराव्या वर्षी हातघाईवर यायचं कारण नाही.

गैरसमज ३ : क्लबची फी म्हणजे गुंतवणूक, शिष्यवृत्तीतून ती वसूल होते.

वस्तुस्थिती : वरच्या पातळीच्या क्लबात वर्षाला काही हजार डॉलर फी, शिवाय विमान, हॉटेल आणि पेट्रोलचा खर्च. आता दुसरी बाजू पाहा. पहिल्या श्रेणीतल्या महिला संघाला अनेक वर्षं जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम देता येई, आणि ती पंचवीस-तीस जणींत वाटली जाई. पूर्ण शिष्यवृत्ती मिळणारी मुलगी विरळाच. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, पण संघाचा आकार २८ वर बांधला गेला. पैसे द्यायची मुभा वाढली, सक्ती नाही. जागा मात्र मोजक्या झाल्या. तिसऱ्या श्रेणीची कॉलेजं आणि आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. फी भरायची ती मुलीच्या आनंदासाठी, शिस्तीसाठी, मैत्रिणींसाठी भरावी. परताव्याचा हिशेब मांडला की प्रत्येक पराभव नुकसानीच्या खात्यात जातो, आणि ते ओझं मुलगी वाहते.

गैरसमज ४ : आठव्या वर्षी मोठ्या क्लबात नसली, तर गाडी चुकली.

वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियाचीच अ‍ॅलेक्स मॉर्गन चौदाव्या वर्षी पहिल्यांदा क्लब संघात आली. पुढे ती बर्कलेच्या विद्यापीठात खेळली आणि दोनदा विश्वविजेत्या संघात होती. त्याहून आपल्या जवळचं उदाहरण सॅन होजेच्या नेओमी गिर्माचं. तिचे आईवडील इथिओपियातून आलेले. तिच्या वडिलांनी आणि समाजातल्या इतरांनी इथिओपियन कुटुंबांसाठी 'मलेडा' नावाचा उपक्रम चालवला. अम्हारिक भाषेत मलेडा म्हणजे पहाट. नेओमीच्या पायाला चेंडूची ओळख तिथे झाली. मग क्लब, मग स्टॅनफर्ड, २०२४ चं ऑलिंपिक सुवर्ण. जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने तिच्यासाठी ११ लाख डॉलर मोजले. दहा लाखांच्या वर मोल गेलेली ती जगातली पहिली महिला फुटबॉलपटू.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावं. वाढत्या वयातल्या मुलींना गुडघ्याच्या अस्थिबंधाची इजा मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. बारा महिने अखंड खेळवणाऱ्या क्लबला हे ठाऊक आहे का, हे पालकांनी विचारायलाच हवं.

गैरसमज ५ : शाळेकडून खेळणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

वस्तुस्थिती : हा समज डेव्हलपमेंट अकॅडमीच्या काळातला. तिने शाळेच्या संघातून खेळायला मनाई केली होती, आणि मुलींच्या बाजूला तिच्यावर जो रोष होता त्याचं ते एक मोठं कारण होतं. ईसीएनएलने शाळेचा हंगाम खुला ठेवला. बे एरियात मुलींचं शालेय फुटबॉल हिवाळ्यात असतं आणि राज्याच्या नियमानुसार त्या हंगामात त्याच खेळात क्लबकडून उतरता येत नाही, म्हणून क्लब तेवढे महिने थांबतात. वर्गमैत्रिणींसाठी, गावासमोर खेळण्याची गोडी वेगळीच असते. चौदा वर्षांच्या मुलीपासून ती हिरावून घेऊन कोणाचंही भलं झालेलं नाही.

गैरसमज ६ : पुढे एकच लीग, एकच क्लब टिकेल, बाकीचे संपतील.

वस्तुस्थिती : भविष्य इतकं सरळ नाही. दोन बदल चालू आहेत, तिसरा अडला आहे.

पहिला, व्यावसायिक संघ दारात आला आहे. ब्रँडी चॅस्टेन, लेस्ली ऑस्बोर्न, डॅनियल स्लेटन आणि अ‍ॅली वॅग्नर या सँटा क्लारा विद्यापीठाच्या चार माजी खेळाडूंच्या पुढाकारातून उभा राहिलेला बे एफसी २०२४ पासून सॅन होजेत खेळतो आहे. त्याच वर्षी व्यावसायिक महिला लीगने कॉलेजमधून खेळाडू वाटून घेण्याची ड्राफ्टची पद्धत रद्द केली. अठराच्या आतल्या मुलींना करारबद्ध करण्याची वाटही आता खुली आहे. ऑलिव्हिया मोल्ट्री २०२१ मध्ये पंधराव्या वर्षी व्यावसायिक सामन्यात उतरली, ती न्यायालयात दाद मागून. ही वाट मोजक्या मुलींची आहे. तीनशेहून अधिक पहिल्या श्रेणीच्या कॉलेज संघांचा दरवाजा आजही कितीतरी रुंद आहे.

दुसरा, वयोगट बदलत आहेत. काही वर्षं मुलींचे गट जन्माच्या कॅलेंडर वर्षाप्रमाणे पडत, त्यामुळे एकाच वर्गातल्या मैत्रिणी दोन संघांत विभागल्या जात. २०२६-२७ च्या हंगामापासून प्रमुख संघटना १ ऑगस्ट ते ३१ जुलै हे वर्ष धरत आहेत. संघांची मोडणी-जुळणी होणार. एखाद्या वर्षाच्या गोंधळाने घाबरून क्लब सोडू नये.

तिसरा बदल व्हायला हवा, पण होत नाही. एकमेकांना लागून असलेले दोन क्लब वेगवेगळ्या लीगमध्ये असले, की त्यांची गाठ लीगमध्ये पडतच नाही. शेजारच्या गावातला तुल्यबळ संघ सोडून मुली लांबवर जातात. सॅन होजे ते सॅक्रामेंटो हे अंतर एका दिशेने सुमारे १९० किलोमीटर आहे. फी, पेट्रोल, बुडालेला अभ्यास, दमलेली मुलगी : ही सगळी किंमत लीगांच्या चढाओढीची. माझं स्पष्ट मत आहे की या भागातल्या क्लबांचं भवितव्य कोणती लीग जिंकते यावर ठरणार नाही. शेजाऱ्यांनी पुन्हा शेजाऱ्यांशी खेळायला सुरुवात केली, तरच इथलं मुलींचं फुटबॉल अधिक घरांपर्यंत पोचेल.

तोवर पालकांच्या हातात एवढं आहे. निवड चाचणीच्या दिवशी लीगचं नाव बाजूला ठेवून विचारा : मुलीला प्रत्यक्ष किती मिनिटं खेळायला मिळेल? हाच प्रशिक्षक पुढच्या वर्षी असेल का? आठवड्यात विश्रांतीचे दिवस किती? प्रवास किती तासांचा? आणि सामना संपल्यावर गाडीत बसताना ती हसते का, हे स्वतः पाहा. ज्यांना क्लब परवडत नाही, त्या घरांतल्या मुलींसाठी आपल्या मंडळांनी रविवारी सकाळी एक मैदान घ्यावं, चार चेंडू आणावेत. सॅन होजेतल्या इथिओपियन पालकांनी एवढंच केलं होतं.