विद्यापीठाविना कायद्याची शाळा
आपल्याकडे लॉ कॉलेज म्हटलं की पदवी विद्यापीठाची. पुण्याचं आयएलएससुद्धा विद्यापीठाशी संलग्न. न्यूयॉर्क लॉ स्कूल मात्र स्वतंत्र. पदवी स्वतःच देतं. हे कसं झालं, ते आपण पाहू. कोलंबियात थिओडोर ड्वाइट आधी कायद्याची तत्त्वं समजावून सांगत. तिथे हार्वर्डची, निकालांवरून शिकवण्याची पद्धत येऊ लागली, तेव्हा ते बाहेर पडले. त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९१ मध्ये ही शाळा काढली. पुढे संध्याकाळचे वर्ग सुरू झाले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही वकिलीची वाट मोकळी झाली. दिवसाचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा, संध्याकाळचा साधारण ४. पण पदवी म्हणजे सनद नव्हे. बारची परीक्षा सगळ्यांना सारखीच. तिथे कॉलेजचं नाव नाही, आपण केलेला अभ्यासच कामी येतो.