जुन्या मोटारीची निगा

अँबॅसडर ही मोटारगाडी कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे तयार होत असे. २०१४ साली तो कारखाना बंद पडला. म्हणून आज जी अँबॅसडर दिसते, ती जुनीच. म्हाताऱ्या बैलासारखी तिची निगा राखावी लागते.

आमच्या घरी अशी गाडी आहे. एकदा वाटेत इंजिन फार तापले. आम्ही घाईने रेडिएटरचे झाकण उघडले. आत वाफ कोंडलेली होती. उकळते पाणी उसळले आणि आमचा हात भाजला. चूक आमचीच होती.

तेव्हापासून आम्ही रोज सकाळी, इंजिन थंड असतानाच, तीन गोष्टी पाहतो.

पहिली गोष्ट रेडिएटरमधले पाणी. हे पाणी इंजिनाची उष्णता ओढून घेते. ते कमी दिसले तर भरावे.

दुसरी गोष्ट इंजिनातले तेल. गाडी सपाट जागी उभी करावी. तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हा आत घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे.

तिसरी गोष्ट ब्रेकचे तेल. ते सारखे घटत असेल, तर नुसते भरून भागत नाही. कुठेतरी गळती असते. अशी गाडी रस्त्यावर काढू नये. मिस्त्रीला घरी बोलवावे.

याला दहा मिनिटे पुरतात.

तरीही गाडी वाटेत तापली तर? इंजिन बंद करा. सावलीला बसा. सारे गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. घरी पोचायला उशीर झाला तरी चालेल, बाबांनो!